नवा वॉटर पंप

“आधी बॅटरीची वायर सोडव, गाढवा!” बाबा खुर्चीतूनच खेकसले.

“सोडवली, बाबा.”

“मग मला दिसली कशी नाही?”

थोरल्याने बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं आणि सुटी वायर बोटाने हलवून दाखवली. बाबांनी मान डोलावली. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. थोरल्याने पुन्हा वायर हलवून दाखवली.

घरासमोरच्या फरशीवर गाडी उभी होती. बरेच दिवस ती गरम होत होती, उभी केली की खाली हिरवट थेंब साचायचे. वॉटर पंप गेला होता. थोरला इस्पितळात रक्त तपासण्याचं काम करायचा, पण गाडीची असली कामं घरीच उरकायची सवय त्याला बाबांनी लावली होती. बाबांचा सगळा जन्म टॅक्सी चालवण्यात गेला. आपली गाडी दुसऱ्याच्या हातात देणं त्यांना कधीच पटलं नाही.

आजचं काम पुढे ढकलता येण्यासारखं नव्हतं. उद्या सकाळी बाबांना शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात पोचवायचं होतं. रस्ता लांबचा आणि घाटाचा. त्यांच्यासारख्या विसरणाऱ्या माणसांना सांभाळणारी ती एकच जागा मिळाली होती, तीही खेटे घालून घालून. बाबा दार उघडून निघून जायचे आणि आपल्याच गल्लीत हरवायचे. एकदा गॅस तसाच सोडून झोपले होते. धाकटा फोनवर एवढंच म्हणाला, “दादा, तू ठरवशील ते.” म्हणजे ठरवणंही थोरल्याच्याच गळ्यात पडलं. बाबांना त्याने सांगून पाहिलं होतं. पण सांगितलेलं त्यांच्यात टिकायचं नाही, आणि दर वेळी ते नव्याने दुखावले जायचे. मग त्याने सांगणंच सोडलं.

रेडिएटरचा खालचा पाइप सोडवून त्याने इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट टबात उतरवलं. पट्टा काढला, पुली काढली. पंपाचे बोल्ट गंजून बसले होते. शेवटचा हलेना, तेव्हा बाबा हसले.

“तुझ्या आईसारखा आहे. ओढून यायचा नाही. जरा गोडीत घे.”

थोरल्यालाही हसू आलं. त्याने बोल्टवर तेल सोडलं, थोडा वेळ जाऊ दिला, आणि बोल्ट सुटला. जुना पंप हातात घेऊन त्याने दांडा हलवून पाहिला. पडायला आलेल्या दातासारखा तो खिळखिळा झाला होता.

इंजिनाला चिकटलेलं जुनं पॅकिंग खरवडायला पातं हवं होतं. ते आणायला तो आत गेला आणि परत आला तेव्हा बाबा टबाजवळ उकिडवे बसले होते. स्टीलचा पेला हिरव्या कूलंटने काठोकाठ भरून त्यांनी तोंडाजवळ नेला होता.

“बाबा!”

त्याने झडप घालून पेला उडवला. पेला खणखणत फरशीवर गेला. हिरवं पाणी बाबांच्या सदऱ्यावर सांडलं.

“विष आहे ते!”

“विष कसलं? सरबत आहे. तुझ्या आईने केलंय.”

आवाज ऐकून थोरल्याची बायको धावत बाहेर आली. तिने पदराने बाबांचे ओठ पुसले आणि पदर नाकाशी नेला. “प्यायलात का, बाबा? खरं सांगा.”

“प्यायला दिलंय कुणी?” बाबा तिच्याकडे वळले. “सूनबाई, या घरात आता पाणी प्यायचीही चोरी झाली बघ. पोटचा पोरगा हातातला पेला उडवतो.”

पदर कोरडाच होता. “मी कपडे वाळत घालायला गेले होते हो, तेवढ्यात…” ती नवऱ्याला म्हणाली.

“तुझं काही चुकलं नाही. टब मीच उघडा ठेवला.”

सकाळपासून तो आतल्या आत एका गोष्टीची वाट पाहत होता. बायकोने म्हणावं, राहू द्या, नका नेऊ त्यांना, करू आपण कसंतरी. ती म्हणेल असं त्याला वाटलंही होतं. तिने टब फळीने झाकला, बाबांना आत नेऊन कोरडा सदरा घातला, पाणी पाजलं आणि पुन्हा खुर्चीत आणून बसवलं. मग ती उरलेले कपडे वाळत घालायला गेली.

थोरल्याने पॅकिंग खरवडलं. नवा पंप लावला आणि दात आवळून पहिला बोल्ट पिळू लागला.

“अरे, एकाच बाजूने आवळतोस?” बाबा उठून जवळ आले होते. “पंप वाकडा बसेल. समोरासमोरचे घे. थोडा हा, थोडा तो.”

त्यांनी पाना मागितला. थोरला घुटमळला, मग त्याने तो दिला. सदऱ्याचं बटण ज्यांना लागत नव्हतं ते हात बोल्टांवरून न चुकता फिरले. थोडा हा, थोडा तो. थोरला बाजूला उभा राहून बघत होता.

सगळं जोडून झालं, नवं कूलंट भरलं, गाडी चालू केली. थोरला फरशीवर पालथा पडून पंपाखाली बघत राहिला. एखादा थेंब पडावा असं त्याला वाटत होतं. इंजिन तापलं, पंखा फिरून थांबला. थेंब पडला नाही.

“बसला!” बाबांनी बॉनेटवर थाप मारली. “आता कुठेही ने.”

दुसऱ्या दिवशी बायकोने बाबांचे केस विंचरले, बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि खिडकीत हात घालून त्यांचा हात धरला. “सांभाळून, बाबा.” गाडी हलल्यावर तिने तो सोडला.

शहर मागे पडलं. बाबा रस्ताभर खुशीत होते. पुढच्या ट्रकला मागे टाक म्हणाले, मोटारसायकलवाल्याला शिवी दिली. वळणावर वृद्धाश्रमाची पाटी दिसली. फाटकाशी पांढऱ्या कपड्यांतली एक बाई वाट पाहत उभी होती.

थोरल्याने गाडीचा वेग कमी केला. बाबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

“दमलास रे. येताना मी चालवतो.”

“चालेल, बाबा,” थोरला म्हणाला आणि त्याने गाडी आत वळवली.