चुडामण नानांच्या बैठकीतला लोड

मित्रांनो, मी एक जुना लोड आहे. गादीवर बसल्यावर पाठ टेकायला भिंतीशी ठेवतात ना, तो. आज मी धान्याच्या कोठीवर पडून आहे. शिवण उसवली आहे, आतल्या कापसाचे गोळे झाले आहेत. मी माणसांची तोंडं फारशी पाहिली नाहीत. मी पाहिल्या त्या पाठी. तोंडावर माणूस हवं ते आणू शकतो, पाठीला ते जमत नाही.

माझा जन्म तापीकाठच्या एका गावातला. पिंजाऱ्याने घरच्याच ओसरीत कापूस पिंजला, सिंधुबाईंनी पांढरी खोळ शिवली आणि मला बैठकीत मांडलं. सिंधुबाई म्हणजे चुडामण नानांच्या पत्नी. सुरुवातीला माझ्यावर पाहुणे टेकत, जावई टेकत. मग साठ-एकसष्ट साली कापसाच्या सोसायटीवरून नानांचं आणि त्यांच्या जुन्या पक्षाचं बिनसलं. नानांनी स्वतःचा नवा पक्ष काढला आणि मी अध्यक्षांचा लोड झालो. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी फार फुगलो होतो.

नाना बोलायला पटाईत. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, की जो जुन्या पक्षात राहील त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, त्याला लग्नाला बोलवायचं नाही आणि त्याच्या लग्नाला जायचं नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळी वाजवली ती रूपचंदने. तो नानांचा उजवा हात. त्या दिवसापासून गावात उघड दोन तट पडले.

नाना आत जेवायला गेले, की तीच मंडळी माझ्यावर रेलून नानांबद्दल कुजबुजत.

"हाऊ किती दिन टिकी?"

"दिवाळीलगून."

"नही रे, चुनाव तं देखीच."

नाना बाहेर आले, की सगळ्यांच्या पाठी ताठ होत. मला याचा राग येई, पण लोडाला विचारतो कोण!

दिवाळी गेली. नाना टिकले. माघात त्यांच्या लेकीचं, मीनाचं लग्न ठरलं. मीनाचा मामा गिरधर म्हसावदला राहणारा, आणि जुन्या पक्षाचा पक्का माणूस. आमच्याकडे नवरीला मांडवात मामाच घेऊन येतो. मंडळी उठून गेल्यावर सिंधुबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"मन्हा भाऊ नही उना तं पोरले मंडपमा कोन लई जाई?"

"मीच त्याले बलायं तं मन्हा शबद कोन पाळी?" नाना म्हणाले.

त्यांची पाठ तेव्हा घामाने चिंब होती. थंडीचे दिवस होते. नानांना वाटत होतं, आपण इथे वाकलो की पक्ष संपला. मलाही तसंच वाटत होतं.

म्हसावदला निमंत्रण गेलं नाही. लग्नाच्या दिवशी भटजींनी मामाला हाक मारली आणि मीनाचा हात धरून रूपचंद आला. मीना खाली बघत चालत होती. सिंधुबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. बैठकीत मंडळी कौतुकाने नानांना म्हणाली, "नाना, शबद पाळा तुम्ही." पण एकही पाठ माझ्यावर सैल होऊन टेकली नाही.

त्यानंतर बैठक विरळ होऊ लागली. कुणी भांडलं नाही, कुणी राजीनामा दिला नाही. प्रत्येकाच्या घरी कुणाची तरी मुलगी लग्नाची होती, आणि कुणाचा तरी मामा पलीकडच्या तटात होता. बायकांनी मीनाला चालताना पाहिलं होतं. चैत्रात रूपचंदच्या भाचीचं लग्न जुन्या पक्षाच्या घरात निघालं. तो मामा म्हणून गेला, जेवून आला आणि पुन्हा आमच्या ओसरीवर चढला नाही. नाना वाकले असते, तर कदाचित टिकले असते.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. खानदेशात या सणाला सासरवाशिणी माहेरी जातात. दरवर्षी गिरधर बहिणीला न्यायला गाडी घेऊन येई. त्या वर्षी कुणी आलं नाही. नाना दुपारपर्यंत वाट बघत बसले. मग त्यांनी स्वतः बैल जुंपले आणि आत येऊन म्हणाले, "चाल, मी तुले म्हसावदले सोडस."

सिंधुबाई धान्य निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हसावदले कसाले? मीनाना मामा तं रूपचंद शे. माले त्याना घर सोडा."

नाना माझ्याजवळ येऊन बसले. टेकले मात्र नाहीत. बाहेर जुंपलेले बैल बराच वेळ तसेच उभे होते.

पुढे निवडणूक आली तेव्हा नानांचा पक्ष नव्हता, आणि मी कोठीवर होतो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना ऊन दाखवा, दोन टाके घाला, आम्ही पुन्हा कामाला येऊ. आणि कुणी पुढारी तुम्हाला सांगू लागला, की अमक्याच्या दारात पाऊल टाकू नका, तर टाळी वाजवण्याआधी घरी जा. त्या दारामागे आपलं कोण आहे, ते आईला विचारून या.