कुंकवाचा रुपया

परेशशेठच्या राणीछाप चांदीच्या रुपयांच्या संग्रहात एकच साल कमी होतं, आणि त्या सालचा रुपया पनवेलच्या कोळीवाड्यात रंभाकडे होता. रोज सकाळी कपाळाला मेण लावून, त्यावर रुपया दाबून ती गोल उठवायची, त्यात कुंकू भरायची आणि मग मासळी बाजार गाठायची.

शेठनं कितीदा तरी मागितला. "आमचे मालक हायत तवर नाय," ती म्हणायची. शेठ वाट बघत राहिला.

तिचा नवरा काशिराम वैशाखात गेला. जावांनी तिचं कपाळ खसाखसा पुसलं, कुंकवाचा करंडा फेकून दिला. तेराव्याची पंगत उठायच्या आत शेठ अल्बम काखेत मारून दारात हजर!

"मावशी, आता तुम्हाला याचा काय उपयोग?"

रंभानं रुपया काढून दिला. राणीच्या कानात अडकलेलं कुंकू शेठनं मऊ फडक्यानं हळुवार टिपलं आणि रुपया रिकाम्या कप्प्यात सरकवला. संच पुरा झाला. त्या आनंदात त्याला ज्ञान पाजळायची हुक्की आली.

"ही राणीपण विधवाच होती बरं का. नवरा गेल्यावर चाळीस वर्षं राज्य केलं तिनं."

रंभानं वाकून अल्बममधल्या सगळ्या राण्या नीट पाहिल्या.

"मंग हिचा मुकुट हिच्या जावांनी कसा नाय उतरवला, शेठ?"