कोंबडीचं प्रोटीन

सूनबाईला आठवा महिना लागला होता आणि सासूबाईंना अंड्याचं वेड. गेल्या तपासणीला एका बाईने त्यांना विचारलं होतं, "बाळाच्या पणजी का तुम्ही?" तेव्हापासून रोज दार लावून, अंड्यातलं पांढरं बाटलीत घुसळून त्या तोंडाला फासायच्या. ते वाळलं की कातडी अशी ताणायची की हसल्या तर कान मागे सरकायचे.

त्या दिवशी दवाखान्याची घाई. सुनेने लघवी न्यायला बाटली मागितली, तर सासूबाईंनी तीच नुसती खळबळून दिली.

नर्सने पट्टी बुडवली. पिवळी पट्टी बघता बघता हिरवीगार झाली.

"प्रोटीन चार प्लस," नर्स म्हणाली. "बीपी तर छान आहे तुमचं. पण हे अंगावर काढायचं दुखणं नाही. डॉक्टरांना सांगते. बहुतेक आजच भरती व्हावं लागेल."

सुनेचं तोंड एवढंसं झालं. "आई, बाळाला काही..."

"सिस्टर, हे प्रोटीन असतं तरी कसलं?" सासूबाईंनी विचारलं.

"अंड्यातल्या पांढऱ्यात असतं ना काकू, साधारण तसलंच."

सासूबाईंना आपली बाटली आठवली. बोलावं तर अब्रू जाते, गप्प बसावं तर सून खाटेवर जाते. बाकावरच्या झाडून सगळ्या बायकांनी कान टवकारलेले. सुनेने गुपचूप डोळे पुसले, आणि मग सासूबाईंना राहवेना.

"सिस्टर, ते हिचं नाही. कोंबडीचं आहे."

"काय?"

"बाटली माझी आहे. तोंडाला लावते मी अंडं."

बाकच्या बाक हसून गदगदला. नर्सने हसू दाबत कोरा कप दिला. "पहिली धार सोडा, मधली धरा."

आता सुनेला होईना. सासूबाईंनी नळ सोडून ठेवला, पेल्यावर पेले पाजले. इतके, की बाळ आत पोहायला शिकलं असेल. शेवटी कप आला. पट्टी पिवळी ती पिवळीच राहिली.

"निगेटिव्ह," नर्स म्हणाली.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "अगं बाई, म्हणजे हिला दिवस गेलेच नाहीत?"

सून पोट धरून हसायला लागली आणि हसता हसता घाईने उठली. "सिस्टर, अजून एक कप हवा असेल तर आत्ताच द्या."