तिसरी हाक

माझी सासू इंदुबाई सातपाटीत अख्ख्या आळीला शहाणपण शिकवते. त्या दुपारी तेच शहाणपण आमच्या मुळावर आलं.

माझा नवरा रूपेश आखातातल्या एका शेठच्या मासेमारी बोटीवर खलाशी होता. सातपाटीचा तो एकटाच. बोट बुडाल्याचा शेठचा निरोप आला, देह काही मिळाला नाही. दर्या माणूस ठेवून घेत नाही, परत देतो, म्हणून पुष्कळ वाट पाहिली. शेवटी भाऊबंदांनी देहाच्या जागी दर्भाचा पुतळा करून जाळला, माझ्या बांगड्या फोडल्या. पोट कुणाला चुकलंय? मी मासळीची पाटी घेऊन पुन्हा बोईसरच्या बाजारात बसले.

त्या दिवशी फोन घरीच चार्जिंगला राहिला होता. परतले तर सासू फोन मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती.

"रूपेशचा आवाज होता गो. आये म्हनला. दोनदा म्हनला."

"मंग तुमी काय बोलल्या?"

"नाय बोलली. दर्यात गेलेला हाक मारतो तवा तिसऱ्या हाकेबिगर ओ देऊ नये, भूत दोनदाच हाक मारतो. तिसरी आलीच नाय."

मेलेला माणूस फोन लावतो का, बाई? मी त्या नंबरावर लावत राहिले, कुणी उचलला नाही. तिचा गळा दाबावासा वाटला, आणि आनंदाने नाचावंसंही वाटलं. माझा नवरा जिवंत होता! मी पुन्हा कुंकू लावलं. आळीने मला वेडी ठरवलं.

दिवाळीनंतर त्याच बोटीवरचा कमलेश उंबरगावहून घर शोधत आला. बोट बुडालीच नव्हती. परक्या हद्दीत शिरली म्हणून तिथल्या पहारेकऱ्यांनी धरली होती, आणि शेठने हात झटकायला खोटा निरोप धाडला होता. तुरुंगात प्रत्येकाला एकच फोन मिळाला. रूपेश बोलत होता तेवढ्यात शिपायाने तो काढून घेतला.

"मंग सायब बोलला, बोट चालवनारा तांडेल राहील, बाकीचे सुटतील," कमलेश म्हणाला. "तांडेल तर आदीच पललेला. रूपेश उटला. मीच हाय तांडेल, म्हनला."

"तुमी आडवला नाय?"

"आडवला, वयनी. तो म्हनला, आयेनी ओ नाय दिली, म्हंजे माझा पुतला जललाय. तुमची वाट बघनारी हायेत, तुमी जा."

किती वर्षांची शिक्षा, ते मी विचारलं. कमलेशलाही ते ठाऊक नव्हतं.

सासू उठली, दारात गेली आणि भर दुपारी दर्याकडे तोंड करून ओरडली, "ओ! ओ रं बाला!"

लोक जमले. मी तिला आत ओढलं नाही.