सार्डिनचं तेल आणि माझी पहिली चढण

मित्रांनो, मी लिस्बनची एक जुनी ट्राम आहे. पिवळी, ठेंगणी आणि थोडी फुशारकी मारणारी. फुशारकी का मारते, ते ऐका.

माझा जन्म दूरच्या एका सपाट गावातल्या कारखान्यात झाला. चढ म्हणजे काय, ते मला ठाऊकच नव्हतं. जूनमधल्या एका सकाळी बोटीने मला तेजो नदीच्या धक्क्यावर उतरवलं. समोर पाहते तो काय, घरांच्या डोक्यावर घरं, त्यांच्याही डोक्यावर घरं.

धुऊनपुसून मला रुळांवर उभं केलं. क्विरिनो नावाच्या चालकाने माझा दांडा हातात घेतला. शेजारी तपासनीस साहेब उभे राहिले. "आज वरच्या चर्चपर्यंत पोचली तर ठीक," ते म्हणाले. "नाहीतर हे रूळ उखडायचे. डोंगरावरच्यांना देवाने पाय दिलेत."

हे ऐकणारी एक बाई तिथेच होती. मासे विकणारी फेलिस्मिना मावशी. तिचं घर चर्चला लागून, आणि डोक्यावर टोपली घेऊन ती रोज ही चढण चढायची. गुडघे पार झिजले होते.

"बसा मावशी, पहिला मान तुमचा," क्विरिनो म्हणाला.

"आधी तुझी नवरी चढते का बघू," असं म्हणत मावशी टोपलीसकट आत येऊन बसली.

त्या दिवशी संत अँथनीचा सण होता. सणाला त्या वस्तीत दारोदार सार्डिन मासे भाजतात. मला जवळून बघता यावं म्हणून बायकांनी त्या वर्षी शेगड्या थेट रुळांच्या कडेला मांडल्या होत्या. माशांचं तेल निथळलं आणि उतारावरून रुळांवर पसरलं. कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

वळणावर माझी चाकं जागच्या जागी फिरू लागली. चाकं घसरू नयेत म्हणून माझ्या पोटात वाळू भरलेली असते; क्विरिनोने ती सगळी रुळांवर सोडली, तरी मी मागे घसरले. ब्रेक लागला म्हणून वाचले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"झालं. उतरा सगळे," साहेब म्हणाले.

मावशी उतरली नाही. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तेलाने चकाकणारे रूळ पाहिले आणि शेगडीपाशी उभ्या शेजारणीला हाक मारली. "ए रोझिंडा, तेलकट तवा कशाने घासतेस तू?"

"राखेने. का गं?"

"मग बघत काय उभी राहिलीस? कालच्या शेगड्यांची राख आणा सगळ्याजणी. घाण आपणच केलीय."

बायका धावल्या. ओच्यात भरभरून राख आली आणि रुळांवर पडली. साहेब खोकून हैराण झाले. क्विरिनोने दांडा हळूच फिरवला. चाकांनी रूळ धरला. मी चढले, मित्रांनो! एकेक घर मागे टाकत थेट चर्चच्या दारात जाऊन उभी राहिले. वस्ती टाळ्या पिटत मागून आली. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मावशीने साहेबांच्या हातात पावात ठेवलेली सार्डिन दिली. "घ्या. काटे तेवढे उखडा, रूळ राहू द्या." साहेबांनाही हसू आलं. मग ती खाली उतरली आणि गुडघ्यांवरून हात फिरवत म्हणाली, "आज तुम्हाला सुट्टी रे." तिचे डोळे भरले होते. डोळ्यांत राख गेली, असं ती सगळ्यांना सांगत होती.

त्यानंतर मी नवऱ्यामुली वाहिल्या, आजारी माणसं वाहिली, कोबीच्या पाट्याही वाहिल्या. मध्यंतरी बस आल्या आणि मला कबुतरांच्या सोबतीला शेडमध्ये ढकललं. तेव्हा मावशीच्या नातीने वस्तीतल्या बायका जमवल्या आणि मला परत मागून घेतलं.

आता सणाला शेगड्या रुळांपासून लांब मांडतात. पण वळणावर एक काळा डबा ठेवलेला असतो. कधी आलात तर माझ्या बाकांवर नावं कोरू नका, आणि तो डबा कचऱ्याचा समजून हलवू नका. त्यात राख आहे. मला अजून चढायचं आहे.