रुपालीची ओळ

चंदर धसईच्या बाजारात पिंपळाखाली बसून गायचा. हातात तुणतुणं, पुढ्यात पसरलेला पंचा. कॅसेटवाल्यांकडे एकदा जाऊन आला होता. त्यांनी दुसऱ्याचीच गाणी गायला सांगितली, तेव्हापासून तिकडे फिरकला नाही. ऐकणाऱ्यानं पंच्यात काही ठेवावं आणि चंदरनं त्याचं नाव जागच्या जागी ओळीत गुंफावं, असा रिवाजच पडला होता. कंडक्टर असो की भाजीवाला, प्रत्येकाची ओळ वेगळी. त्यावरच त्याच्या बायकोची, मीनाची चूल पेटायची.

आणि त्यावरच मीना जळायची.

कारण टोकावड्याच्या ढाब्यावर भाकऱ्या भाजणारी रुपाली. दर बाजाराला ती पंच्यात तांदळाचं गाठोडं ठेवायची, अन् चंदर गायचा, "रुपाली आली गो, पावलांनी सोनं सांडीत." ती ओळ गावभर झाली. बोरिंगवर बायका मुद्दाम मीनाच्या कानाशी गुणगुणायच्या. तान्हीला थोपटताना मीनाच्याही ओठांवर यायची, मग ती ओठ चावायची. नवऱ्याच्या गाण्यात तिचं नाव एकदाही आलं नव्हतं. पण पंच्यात तिनं कधी ठेवलं तरी काय होतं?

एका बाजाराला तिनं परड्यातला सगळ्यात मोठा भोपळा उचलला, लेकीला कडेवर घेतलं आणि गर्दीतून वाट काढत भोपळा पंच्यात ठेवला.

"गा आता माजं नाव."

"अगो, घरचाच भोपळा..."

"मी लावलेला हाय. गा."

"गा रं चंदर, नायतर उपाशी झोपशील!" लडकू भाजीवाला ओरडला.

चंदर गडबडला. त्यातल्या त्यात लोकांची आवडती तीच ओळ त्यानं धरली. "मीना आली गो, पावलांनी सोनं सांडीत..."

टाळ्या पडल्या. मीनाचे कान तापले. तिनं वाकून भोपळा परत उचलला.

"उष्टी ओळ नको मला."

"आनी माजी ओळ तू वाटत सुटलास व्हय रं?" गर्दीतून रुपालीही कडाडली.

लोक हसून लोटपोट. चंदरनं तार छेडली, तोंड उघडलं, मिटलं. मीनाकडं बघितलं. तिच्या केसांत गवताची काडी, खांद्यावर लेकीची लाळ. पुन्हा तार छेडली. शब्द येईना.

"अडला रं अडला!" लडकूनं टाळी पिटली.

चंदर या बाजारात कुणासाठीच अडला नव्हता. रुपालीसाठीसुद्धा नाही.

मीनानं लेकीला मांडीवर घेतलं, भोपळा शेजारी टेकवला आणि त्याच्यासमोर ऐसपैस बसली.

"बसलेय मी," ती म्हणाली. "होऊ दे टाइम."