डाव्या बाजूची सीट

"सुटतंय का रं कुठं?" गजानं तिसऱ्यांदा विचारलं.

नागू मिस्त्रीचं लक्ष कामात होतं. जुन्या रेडिओच्या भोंग्यातून काढलेलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून तो लाल गाडीच्या मडगार्डवरून हळूहळू फिरवत होता. लोहचुंबक धरून राहिलं की पत्रा अस्सल, आणि सुटलं की समजायचं, अपघाताचा खड्डा पुट्टीनं बुजवून वर रंग फासलाय. पुढचं मडगार्ड झालं, मागचं झालं, बॉनेट झालं. लोहचुंबक कुठंच सुटलं नाही.

"सुटलं असतं तर तुला पेढे वाटायला बरं झालं असतं," नागू शेवटी म्हणाला.

गजा खोपोलीचा दलाल. मुंबईच्या कुणा हौशी शेठसाठी तो ही गाडी घ्यायला आला होता. एम.जी., बावन्न सालची, उघडी, दोनच माणसं बसतील एवढी. कर्जतच्या बाजारपेठेमागं नाना ओगले डॉक्टरांची बंगली होती, तिच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी दोन वर्षं, म्हणजे डॉक्टर गेल्यापासून, उभी होती. गजानं पाच हजार सांगितले होते. डॉक्टरांच्या पत्नी सुचेताबाई ना हो म्हणाल्या, ना नाही. त्यांनी चौक गावच्या नागूकडं चिठ्ठी धाडली: 'गाडीची योग्य किंमत सांगावी. आणखी जे काही दिसेल तेही सांगावे.'

नागूला बोलवायचं म्हणजे संशयालाच बोलवायचं. चौक गावात हायवेला चिंचेखाली त्याचं गॅरेज. मीटरच्या आकड्यावर त्याचा विश्वास नव्हता, रंगावर नव्हता, मालकानं घेतलेल्या आईच्या शपथेवर तर मुळीच नव्हता. त्याची बायको मैना शेजारणींना सांगायची, "आमचा मानूस भाकरी बी वाजवून बगतो, कच्ची हाय का म्हनून." गाडी बघायचे तो एकवीस रुपये घ्यायचा, आणि किंमत सांगेपर्यंत विकणाऱ्याच्या घरचा चहा सोडाच, पाणीसुद्धा पीत नसे. ज्याचं पाणी प्यालं त्याच्या इंजिनाचा आवाज गोड लागतो, असं त्याचं म्हणणं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा ठेच लागली होती, तेवढी पुरली.

या गाडीबद्दल मात्र त्याच्या मनात आणखी एक जुनं कुसळ होतं. एकाहत्तर सालापर्यंत डॉक्टर ही गाडी त्याच्याकडंच आणत. दर दोन महिन्यांनी, न चुकता. मग अचानक यायचे थांबले. निरोप नाही, तक्रार नाही. खोपोलीच्या कुठल्याशा गॅरेजात गाडी दिसली असं कुणीतरी सांगितलं, आणि नागूनं मनाशी ठरवून टाकलं की डॉक्टरांनी आपल्याला चोर समजलं. आठ वर्षं तो हे गिळून बसला होता. डॉक्टर वारले तेव्हा समाचारालाही आला नव्हता.

"लाकूड बगू दे," तो म्हणाला, आणि दरवाजाच्या चौकटीवर बोटाच्या पेराने टकटक करू लागला. या गाडीचा आतला सांगाडा लाकडी, आणि कर्जतच्या पावसात लाकडाला वाळवी लागायला किती वेळ लागतो? त्यानं कान लावला. उजवीकडं ठणठणीत आवाज. डावीकडंही ठणठणीत. पण डावा दरवाजा उघडला तसा तो दीड बोट खाली आला.

"हां!" गजाला तोंड फुटलं. "बगा काकू, बिजागऱ्या गेल्या. आन ही सीट बगा, कशी बसलीय! ड्रायवरची सीट नव्या नवरीसारखी आन बाजूचीला हा एवढा खळगा. ह्याचा अर्थ काय?"

सुचेताबाई व्हरांड्यात उभ्या राहून ऐकत होत्या.

"अर्थ असा, का गाडी लई पळालीय. मीटर मागं फिरवलाय. आन एकट्यानं नाय पळालीय," गजा हसला. "बाजूला रोजचं कुनीतरी हाय. पाच बी जास्त हायेत, काकू. साडेचार."

"तुम्ही जरा फाटकापाशी थांबा," सुचेताबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण गजानं हसणं आवरलं आणि खिशातली विडी चाचपत तो फाटकाकडं गेला.

त्या पायऱ्या उतरून शेडपाशी आल्या. साठी जवळ आलेली ठेंगणी, ताठ बाई. पदराच्या टोकाला काहीतरी बांधलं होतं, ते त्यांनी सोडलं. केसांचा काळा आकडा. बाजारात आण्याला डझन मिळतो तसला.

"मिस्त्री, तुम्हाला मी किमतीसाठी बोलावलं नाही. साडेचार येवोत नाहीतर साडेतीन. मला एवढंच सांगा, त्या सीटवर कोण बसत होतं?"

नागूला वाटलं, गाडीचा अपघात सांगणं वेगळं आणि माणसाचा सांगणं वेगळं.

"तुमी बसत असाल की, बाईसाहेब."

"मी एकदाही बसले नाही. मला ती उघडी गाडी म्हणजे प्रदर्शन वाटायची. आमच्या मुलीला, उमाला तर मी तिच्याजवळ जाऊ दिलं नाही. पोरीचा पाय असा, चार लोकांत तिला उचलून आत बसवायचं आणि गावानं बघत राहायचं? हे दर रविवारी एकटे कळंबला दवाखान्यात जायचे. आठला निघायचे, तासाभराचं काम, आणि यायचे दोनला. विचारलं की म्हणायचे, पेशंट होते. आणि हसत यायचे, मिस्त्री. पेशंट बघून कुणी असं हसत येतं? मग एक दिवस हा आकडा मिळाला."

"त्यांना इचारलं नाय?"

"विचारून खोटं ऐकायचं होतं?" त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून मी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला नाही. मी तो टेबलावर ठेवायचे. पाच वर्षं. त्यांनीही कधी विचारलं नाही, की असं का."

नागूनं खळग्याकडं पाहिलं. खरं सांगायचं तर त्याच्याही मनात गजासारखाच विचार आला होता. डॉक्टर रंगेल निघाले म्हणायचे! आणि म्हणूनच चौकला यायचं बंद केलं असणार. हायवेवरचं गॅरेज, दहा माणसं बघणार. आठ वर्षांचं कोडं असं सुटलं म्हणून त्याला क्षणभर बरंही वाटलं. आपल्याला चोर समजले नव्हते, एवढंच ना!

पण पुरतं बघितल्याशिवाय बोलायची त्याला सवय नव्हती.

"गेर बगतो आदी," असं म्हणत तो उजवीकडून आत शिरायला गेला आणि अडकला. गुडघे स्टिअरिंगला भिडले. नागू काही ताडमाड नव्हे, चारचौघांसारखा. तरी त्याला बसता येईना. त्यानं वाकून पाहिलं. सीट रुळावर सगळ्यात पुढच्या खाचेत होती. मागं सरकवायला गेला, तर सरकेना; दांडी त्या खाचेत गंजून घट्ट झाली होती. शेवटचं बसलेलं माणूस ठेंगणं असणार.

त्याला डॉक्टर आठवले. सहा फूट उंच, धिप्पाड. गॅरेजात यायचे तेव्हा सीट शेवटच्या खाचेत असूनही छत्री मिटल्यासारखे घडी होऊन बसायचे. तो माणूस या खाचेत? शक्यच नाही.

नागूनं खाली मान घालून पायांकडं पाहिलं. ब्रेकचं रबर नेहमीसारखं झिजलेलं. क्लचचं रबर मात्र नव्यासारखं, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन भोकं. स्वच्छ पाडलेली. तिथं काहीतरी जाडसर बोल्टनं बसवलेलं होतं आणि नंतर काढलं होतं.

"बाईसाहेब, आकडा कुटं गावला?"

"आत. चटईखाली."

"कंच्या बाजूच्या?"

"ब्रेकपाशी. का?"

एवढ्यात व्हरांड्याच्या दारातून उमा चहा घेऊन आली. तीस-बत्तीसची, शाळेत शिकवणारी. पेला सांडू नये म्हणून सावकाश पायरी उतरत होती. डावा पाय आखूड. त्या पायातल्या बुटाचा तळवा उजव्यापेक्षा चांगला दोन इंच जाड. नागूनं त्या तळव्याकडं पाहिलं, मग क्लचच्या भोकांकडं, आणि गाडीतून बाहेर आला.

"उमाताई," त्यानं विचारलं, "तुमी रविवारच्या कुटं जायचा वो?"

"कडावच्या गणपतीला," उत्तर आईनं दिलं. "सकाळच्या एसटीनं. नेम होता तिचा. नाना गेल्यावर तोही सोडला. पण तिचं काय इथं?"

उमा पायरीवरच थांबली.

नागूनं आयुष्यात शेकडो गाड्यांचे दोष मालकाच्या तोंडावर सांगितले होते. त्याची जीभ कधी अडखळली नव्हती. आज अडखळली. पण चिठ्ठीत लिहिलं होतं, जे दिसेल ते सांगावं.

"बाईसाहेब, तुमी पुसलंत त्या सीटवर कोन बसायचं. त्या सीटवर डाक्टर बसायचे. हा खळगा त्यांचाच हाय. बाईमानसाच्या वजनानं येवडी स्प्रिंग बसत नाय. ह्या दरवाजाला धरून उटायचे, म्हनून दरवाजा उतरला."

"मग गाडी कोण चालवायचं?"

नागूनं उमाकडं पाहिलं. उमानं चहा कठड्यावर ठेवला, आत गेली आणि आली ती पदराखाली काहीतरी घेऊन. सागवानी ठोकळा. पावाएवढा, वरची बाजू बुटानं घासून गुळगुळीत झालेली, दोन बाजूंना दोन बोल्ट.

"नानांनी करून घेतला होता, त्या बाजूची सीटही माझ्यासाठी नवी भरून घेतली होती," ती म्हणाली. "ते गेल्यावर मी एकदा सीट पुढं ओढून शेडात बसले, आणि उठताना हा काढून घेतला. कडावला मी एसटीतून उतरायचे, नाना गाडी घेऊन तिथं थांबलेले असायचे. मग कळंब, कधी थेट मुरबाडच्या वाटेला. मी चालवायचे. ते बाजूला बसून नुसते हसायचे. म्हणायचे, हिला कळलं तर दोघांनाही घरात घेणार नाही."

"आणि तू मला..."

"तू मला सायकललाही हात लावू दिला नाहीस, आई."

शेडच्या मागं कुणीतरी वालाच्या शेंगा काढत होतं, त्यांची हाकाहाक ऐकू येत होती. मग उमा नागूकडं वळली. "चौकला न्यायची नाही म्हणायचे. नागूपासून काही म्हणजे काही लपत नाही, त्याला हा ठोकळा दिसला तर बारा गावांत होईल."

नागूनं तोंड फिरवलं आणि उगाचच बॉनेटवर फडकं मारलं. आठ वर्षं आपण त्या माणसाला शिव्या घातल्या. मयताला गेलो नाही. आणि तो आपल्याला भीत होता, पण चोर म्हणून नव्हे, तर आपल्या नजरेला. त्याला स्वतःची लाज वाटली.

गजा फाटकातून परत आला होता. "मंग, मिस्त्री? काय म्हनतोस? साडेचार बरोबर?"

"नऊ," नागू म्हणाला.

"नऊ! अरं बाजूची सीट..."

"पत्रा अस्सल, लाकूड अस्सल, इंजन हँडलवर फिरतंय. मीटर कुनी फिरवला नाय. नऊ हजार. तुज्या शेटला परवडत नसंल तर त्याला सांग, लोकलनं फिर."

गजानं सुचेताबाईंकडं पाहिलं. त्यांचं लक्षच नव्हतं. "आज नाही," त्या म्हणाल्या. "पुढचं पुढं बघू." गजा पुटपुटत निघून गेला. हा मिस्त्री विकणाऱ्याला फितूर झाला, असं तो खोपोलीपर्यंत सांगत जाणार, हे नागूला ठाऊक होतं.

त्यानं ठोकळा घेतला, आडवा पडून क्लचवर बसवला, पान्यानं बोल्ट आवळले. उमा उजवीकडून आत बसली. बूट ठोकळ्यावर ठेवला, आणि क्लच तळापर्यंत गेला. बॅटरी कधीच मेली होती, गाडी कुठं जाणार नव्हती. तरी तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

सुचेताबाई डाव्या दाराशी उभ्या होत्या.

"जरा उचलून धरा, म्हंजे उगडंल," नागू म्हणाला.

त्यांनी दार उचलून उघडलं आणि आत बसल्या. खळगा त्यांच्यासाठी फार मोठा होता. त्या त्यात इतक्या खोल गेल्या की डोकं दाराच्या काठाला आलं. त्या सावरून बसल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिल्या.

"पाच वर्षं, उमा," त्या म्हणाल्या. "तहान लागली की ते टेबलाकडं बघायचे. माझ्याकडं बघायचे नाहीत." आणि मग त्यांना रडू फुटलं. उमानं स्टिअरिंगवरचा हात काढला आणि आईच्या हातावर ठेवला.

नागू हत्यारं गोळा करत होता. एकेक पाना पुसून पिशवीत टाकायला त्यानं नको तेवढा वेळ लावला. पिशवीचं तोंड बांधून झालं तेव्हा कठड्यावरच्या चहावर साय धरली होती. त्याला काय वाटलं कोण जाणे.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "वाईच पानी मिळंल का?"

सुचेताबाईंनी डोळे पुसले. दाराला धरून त्या उठल्या, दार आणखी थोडं खाली आलं. आत जाऊन त्या पितळेचा पेला भरून घेऊन आल्या आणि सवयीनं त्यांनी तो कठड्यावर ठेवला, चहाच्या शेजारी.

नागूचा हात पुढं आला होता, तो तसाच राहिला.

त्यांनी पेल्याकडं पाहिलं. मग तो पुन्हा उचलला, पायऱ्या उतरल्या आणि त्याच्या हातात दिला. नागूनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्याला.